डेंग्यूची रक्तचाचणी : तापाचा दिवस महत्त्वाचा

पावसाळ्यात शेतीकामांची धांदल सुरू असतानाच डेंग्यू व चिकुनगुनियाचे रुग्ण वाढू लागतात. दोन्ही विषाणूंचा प्रसार एडिस डासांमार्फत होतो. गोठ्याजवळील पिंप, उघडी टाकी, टाकून दिलेले टायर ही या डासांची उत्पत्तिस्थाने होत. दोन्ही आजारांची सुरुवातीची लक्षणे बरीचशी सारखी असल्याने खात्रीशीर निदानासाठी रक्तचाचणी आवश्यक ठरते. मात्र कोणती चाचणी उपयुक्त, हे ताप येऊन किती दिवस झाले यावर अवलंबून असते.

तापाच्या पहिल्या ५ दिवसांत विषाणू व त्याची प्रथिने रक्तात आढळतात. या काळात डेंग्यूसाठी ‘एनएस-१’ प्रतिजन एलायझा चाचणी करतात. पुढे विषाणूचे प्रमाण घटते आणि शरीराने निर्माण केलेली आयजीएम प्रतिपिंडे रक्तात दिसू लागतात; म्हणून ५ दिवसांनंतर आयजीएम एलायझा चाचणी उपयुक्त ठरते. दुसऱ्या दिवशीच आयजीएम चाचणी केल्यास डेंग्यू असूनही अहवाल नकारार्थी येऊ शकतो. अशा अहवालावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

झटपट कार्ड चाचणीचा निकाल काही मिनिटांत मिळतो. तथापि राष्ट्रीय कार्यक्रमात निदानाच्या निश्चितीसाठी एलायझा चाचणीच ग्राह्य धरली जाते. केवळ प्लेटलेट कमी होणे म्हणजे डेंग्यूचे निदान नव्हे, कारण हिवतापासारख्या इतर आजारांतही त्या कमी होतात.

भातपट्ट्यात आणखी एक बाब लक्षात घ्यावी. भातखाचरांत वाढणारे क्युलेक्स डास जपानी मेंदूज्वराचा प्रसार करतात. हा विषाणू डेंग्यूच्याच कुळातील असल्याने एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीत दिसू शकतात. तापासोबत झटके अथवा बेशुद्धी असल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. तेथे रक्ताबरोबरच पाठीच्या कण्यातील द्रवाचीही तपासणी करतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावभेटीत पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात :

• ताप सुरू झाल्याची तारीख लिहून ठेवावी व डॉक्टरांना सांगावी.
• ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन ही औषधे स्वतःहून घेऊ नयेत. त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.
• ताप उतरला म्हणजे धोका टळला असे समजू नये. तीव्र पोटदुखी, सततची उलटी, रक्तस्राव किंवा अस्वस्थता दिसल्यास अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.
• पाणीसाठे आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून कोरडे करावेत.