मालवाहू जहाजावरील दोन नौका

परभणी जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरी समुद्राशी त्याचा संबंध जुना आहे. मानवत, सेलू आणि परभणीच्या बाजारांतील कापूस मनमाडमार्गे मुंबईस जाई आणि त्या बंदरातून कापसाच्या गाठी जहाजांनी परदेशी रवाना होत. गाठींचा विमा उतरविता येत असे. त्यांच्यासोबत जाणाऱ्या खलाशांच्या प्राणांची हमी मात्र कशावर होती?

ही वाहतूक दीर्घकाळ परकीय कंपन्यांच्या हाती होती. सोलापूरच्या जैन कुटुंबातील शेठ वालचंद हिराचंद यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. पुढे सिंदियाच्या विशाखापट्टणम येथील गोदीत बांधलेले, सुमारे ८,००० टनांचे मालवाहू जहाज ‘जल-उषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतरित झाले.

त्या पिढीच्या मालवाहू जहाजांत साधारणतः मध्यभागी धुराडे व निवासाच्या खोल्या आणि पुढे-मागे मालाची कोठारे असत. धुराड्याच्या दोन्ही बाजूंस उंचावर जीवनरक्षक नौका टांगलेल्या असत. दंडक असा की, जहाजावर साठ माणसे असतील तर साठही जणांची सोय डाव्या बाजूस हवी आणि तितकीच उजव्या बाजूस हवी. कारण बुडणारे जहाज बहुधा एका अंगावर कलते. मग उंच अंगाची नौका जहाजाच्या भिंतीवर घासत अडकते आणि उरलेल्या एकाच बाजूवर सर्वांचा भार येतो.

१९१२ साली ‘टायटॅनिक’वर सुमारे २,२०० माणसे होती आणि नौकांत जागा १,१७८ जणांची. तेव्हाच्या ब्रिटिश नियमांत प्रवासी जहाजाच्या नौकांची संख्या त्याच्या आकारमानावर ठरे. परदेशी जाणाऱ्या साध्या मालवाहू जहाजाला मात्र त्याच नियमांनी दोन्ही बाजूंस सर्वांची सोय सक्तीची केली होती. वैभवापेक्षा साधेपणाच अधिक सुरक्षित होता!

तरीही नौका असणे आणि ती पाण्यात उतरणे यांत अंतर होते. डेव्हिट नावाचे वाकडे लोखंडी खांब हातांनी फिरवून नौका बाहेर काढावी लागे. पुढचा व मागचा दोर समान गतीने सोडावा लागे, नाहीतर नौका एका टोकावर लोंबकळे. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून तळाला ठेवलेल्या छिद्रात बूच बसविण्याचे विसरले, तर तारणारी नौकाच पाण्याने भरू लागे. म्हणून शांत समुद्रातही सारंग आणि टंडेल खलाशांकडून नियमित सराव करून घेत. नौकेतील पिण्याचे पाणी, बिस्किटे, वल्ही व होकायंत्र तपासले जाई.

उघड्या नौकेत ऊन, थंडी व लाटा यांपासून आसरा नव्हता. १९८६ पासून नव्या जहाजांसाठी बंदिस्त नौकांचे नियम लागू झाले. आता अनेक मालवाहू जहाजांच्या मागील टोकास उतरत्या घसरणीवर एकच नौका असते. माणसे आत पट्ट्यांनी बांधून बसली की ती थेट पाण्यात झेपावते. जहाज कोणत्याही अंगावर कलले तरी ती सुटू शकते, म्हणून तेथे दुसरीची सक्ती उरली नाही.

जुनी जहाजे भंगारात गेली. मालासाठी बांधलेल्या त्या जहाजांनी कोठारांत टनांचा हिशेब ठेवला. नौकांच्या बाबतीत मात्र माणसे मोजली, तीही दोनदा.