थकवा म्हणजे आळस नव्हे : स्नायूतले एटीपी आणि कॅल्शियम

मंडळी, आपल्या आरमोरीकडे रोवणीच्या दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येते. दुपारनंतर बांधीतल्या बायांचा हात मंदावला की धुऱ्यावरून कोणीतरी म्हणतो, "आळस आला वाटते!" आज आपण या वाक्याची शहानिशा करू. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले, शरीरशास्त्र नव्हे. पण 'कारण म्हणजे काय' हा प्रश्न आमच्याच घरचा.

पऱ्हे रोवताना मेंदूचा निरोप मज्जातंतूतून स्नायूच्या तंतूपर्यंत येतो. तंतूच्या आत पातळ पडद्याच्या पिशव्यांचे जाळे असते, त्यात कॅल्शियम साठवलेले. निरोप आला की पिशवीचे दार उघडते. या दाराला रायनोडीन ग्राही म्हणतात. कॅल्शियम बाहेर येऊन ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते, मग मायोसिन ॲक्टिनला पकडून ओढते. स्नायू आखडतो.

आता एटीपी. १९२९ साली जर्मनीत कार्ल लोहमान यांनी, आणि अमेरिकेत सायरस फिस्के व आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ते शोधले. त्याला इंधन म्हणतात, ते खरेच आहे. कॅल्शियम परत पिशवीत भरणारा पंप दोन कणांमागे एक एटीपी खर्च करतो. मायोसिनची पकड सुटायलाही एटीपी लागते; मरणानंतर ते संपते, पकड सुटत नाही, म्हणून प्रेत ताठते.

पण दारापाशी गंमत बघा. तिथे एटीपी मोडतच नाही. नुसते येऊन बसते आणि दार सहज उघडते. कुंभाराच्या भट्टीत लाकडे जळतात. चाक फिरवायचा दांडा जळत नाही. तरी दोन्हींवाचून मडके नाही. न्यायदर्शनात या दांड्याला निमित्त कारण म्हणतात. म्हणजे काय, तर पंपापाशी एटीपी लाकूड आहे, दारापाशी दांडा.

हेच दार मॅग्नेशियम अडवून धरते. एरवी बरेचसे मॅग्नेशियम एटीपीलाच बांधलेले असते. फार जोराच्या कामात काही तंतूंतले एटीपी घटते, मॅग्नेशियम मोकळे होते, दार कमी उघडते. लांबलेल्या कामात साखरेचा साठा उतरला, तरी कॅल्शियम कमीच सुटते. ऊन आणि तहान यांची भर वेगळीच. निरोप येतो, इच्छाही असते, पण हात मंदावतो.

आणि ते बरेच आहे. एटीपी पार संपेपर्यंत दार सताड उघडे राहिले असते, तर जिवंतपणीच तंतू ताठून मेला असता. शरीर त्याआधीच हात आखडता घेते.

तेव्हा धुऱ्यावरच्या माणसाने बोल लावण्याऐवजी पाणी पाठवावे, घटकाभर सावलीत बसू द्यावे. आता शंका असतील तर विचारा.