बोटभर पिल्लू, चार फुटी मासा

माशांच्या दुकानात काचेपाशी वाकलं की तो लगेच नजरेत भरतो. जेमतेम बोटभर लांबी, काळसर पाठ, तोंडापासून शेपटीकडे गेलेला पांढराशुभ्र पट्टा आणि टोकाला शेंदरी शेपटी. बाकीचे मासे सैरावैरा पळत असतात आणि हा तळाशी बसून मिशा हलवत असतो. आमच्या इमारतीतल्या एका काकांनी भुलून तो घरी आणला. टाकीत आधीपासून डझनभर निऑन टेट्रा होते, ते रोज एक-दोन करून कमी होऊ लागले. मेलेला मासा एकही सापडेना. एका रात्री काकांनी टॉर्च मारून पाहिलं, तर नव्या पाहुण्याचं पोट लिंबासारखं टरटरलेलं.

हा रेडटेल कॅटफिश, ॲमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांचा रहिवासी. ब्राझीलमध्ये त्याला पिरारारा म्हणतात. तुपी भाषेत पिरा म्हणजे मासा आणि अरारा म्हणजे मकाव पोपट. पूर्ण वाढलेला पिरारारा चार फुटांपर्यंत जातो आणि त्याचं वजन 40 किलोंच्या पुढे भरू शकतं. नीट खाणं मिळालं तर दीड-दोन फुटांचा व्हायला त्याला फार तर दोन वर्षं लागतात.

आता टेप घेऊन आपली टाकी मोजा. हौशी घरात मोठी मानली जाणारी टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच असते. तिच्यात साधारण 450 लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच ओझं साडेचार क्विंटल, काच आणि स्टँड वेगळे. पण या मासोबाला तिथे वळता कसं येणार? ‘टाकीएवढाच मासा वाढतो’ हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं दुकानांतून ऐकतो आहे आणि दर वेळी जीव तुटतो. अपुऱ्या जागेत आणि खराब पाण्यात मासा खुरटतो, कण्यात बाक येतो, प्रतिकारशक्ती जाते. त्याला वाढ थांबली म्हणू नये, तो आजार आहे.

म्हणून पैसे देण्याआधी मिशा मोजाव्यात. रेडटेलला मिशांच्या तीन जोड्या असतात. टायगर शॉव्हेलनोजलाही तीनच, पण त्याचं तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं आणि अंगावर काळे उभे पट्टे असतात. हाही तीन फुटांच्या पुढे जातो. शार्क म्हणून विकलं जाणारं चंदेरी चपळ पिल्लू खरं तर पंगस असतं. त्याला मिशांच्या दोनच जोड्या. मेकाँग नदीतला हा मासाही चार फुटी होतो, आणि झुंडीत राहणारा असल्याने एकटा ठेवला की बिथरून काचेवर आपटतो. चार जोड्या, पाठीवर शेपटीपर्यंत गेलेला एकसलग पर आणि शेपटीजवळ मांसल छोटा पर नाही, असं दिसलं तर तो मांगूरच्या कुळातला. आपल्या नद्यांतला शिवडा पाठीवरच्या इवल्याशा परावरून आणि डोळ्यांच्याही मागे फाटलेल्या जबड्यावरून ओळखू येतो. या जबड्याकडे लक्ष ठेवा. तोंडात मावेल ते खाद्य, एवढाच या मंडळींचा हिशोब.

घरात आधीच असा मासा असेल तर त्याला दोष देऊ नका, सोय करा. कोंबडी-बकऱ्याचं काळीज रोज घालू नये. त्या चरबीची या माशांना सवय नाही, यकृत बिघडतं. बाजारातले जिवंत गोल्डफिश टाकले की त्यांच्याबरोबर रोगही येतो. बुडणाऱ्या गोळ्या, कोळंबी, स्वच्छ माशाचे तुकडे द्यावेत. मोठ्या माशाला आठवड्यातून दोनदा पुरे. हीटर जाळीत ठेवा, कारण गोटे, थर्मामीटर, काहीही गिळलं जातं. अंगावर खवले नाहीत, त्यामुळे मीठ आणि तांब्याची औषधं जपून द्यावीत. पकडताना जाळं वापरू नका. छातीच्या परांचे काटे ताठ होऊन त्यात अडकतात, टबात घ्या.

ज्याला मिशावाल्या माशांचाच लळा आहे, त्याने दोन-अडीच इंचांचे कोरिडोरस पाच-सहा आणावेत. तळातली वाळू हुंगत फिरणारी ती टोळी बघत संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

मासा आवरेनासा झाला की रात्री नेऊन तळ्यात सोडायचा, हे मात्र कधीही करू नका. घरच्या टाकीतला सकरमाउथ आज उजनीच्या जाळ्यांत येतो. 2018च्या पुरानंतर केरळच्या नद्यांत ॲमेझॉनचे अरापाइमा सापडले. थाई मांगूरच्या पालनावर देशात 2000 सालापासून बंदी आहे, कारण तो देशी मासे फस्त करतो. नदीतल्या शिंगट्याने आणि शिवड्याने आपल्या हौसेची किंमत का मोजावी?

काकांचा रेडटेल वर्षभरात काचेला घासू लागला. दुकानदाराने परत घेतला नाही. शेवटी मुळशीकडच्या एका ओळखीच्या शेतघरात, ओढ्यापासून लांब असलेली पंधरा फुटी सिमेंटची टाकी मिळाली. टबातून सोडल्यावर तो कोपऱ्यात बराच वेळ दबून बसला, मग सावकाश निघाला आणि मध्यावर अंग न घासता पूर्ण वळला. काका नुसते बघत राहिले. डिसेंबरात तिथलं पाणी गार पडतं आणि या माशाला उबदार पाणी लागतं, म्हणून दिवाळीनंतर ते दर शनिवारी हीटर तपासायला जातात.