फळ्यावरचे दिसत नाही : मुलांचा वाढता मायनस नंबर

चौथीतली मुलगी फळ्यावरचे गणित उतरवताना सारखी शेजारणीच्या वहीत डोकावते. बाईंना वाटते, हिचे लक्ष नाही. घरी ती टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसते, तेव्हा आई ओरडते. पुस्तक मात्र ती घडाघडा वाचते, त्यामुळे डोळ्यांची शंका कोणालाच येत नाही. जालना जिल्ह्यातले भोकरदन असो की घनसावंगी, अशी मुले प्रत्येक शाळेत असतात. त्यांचे दुखणे वेळेत ओळखले, तर पुढचे बरेच काही टळते.

डोळ्यात नेमके काय होते?

दहावीच्या विज्ञानात आपण याला निकटदृष्टिता म्हणून शिकतो. जवळचे स्पष्ट आणि लांबचे पुसट दिसते. बहुतेक मुलांत वाढीच्या वयात नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांबट होतो. त्यामुळे लांबच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता अलीकडेच पडते. नेत्रगोल एक मिलिमीटर जास्त लांबला, तर साधारण अडीच ते तीन नंबर येतो.

अंतर्गोल भिंगाचा चष्मा ती प्रतिमा जागेवर आणतो, पण लांबलेला नेत्रगोल आखूड होत नाही. म्हणूनच ज्या मुलाला सहाव्या-सातव्या वर्षी नंबर लागतो, त्याची जास्त काळजी घ्यायची, कारण त्याच्या वाढीची दहा-बारा वर्षे अजून बाकी असतात. नंबर उणे सहाच्या पुढे गेला की मोठेपणी दृष्टिपटल सरकण्याचा आणि काचबिंदूचा धोका वाढतो.

घरी कसे ओळखायचे?

मूल डोळे बारीक करून पाहते, वही नाकाजवळ नेते, डोके दुखते म्हणते, या खुणांकडे लक्ष ठेवा. एक सोपी चाचणीही करता येते. भिंतीवरची दिनदर्शिका मुलाला लांबून वाचायला सांगा. आधी तळहाताने एक डोळा झाकायचा, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा अधू डोळ्याची उणीव झाकून टाकतो. दोन डोळ्यांत फरक जाणवला, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

तपासणी कुठे होते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. विनाअनुदानित शाळेतील मुलांची तपासणी पालकांनीच करून घ्यायला हवी. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्म्याची सोय आहे. त्यासाठी शाळेत किंवा सरकारी दवाखान्यात विचारा. जालना शहरात जिल्हा रुग्णालय आहे, तसेच मराठवाडाभर नाव असलेले श्री गणपती नेत्रालयही आहे.

पहिला नंबर काढताना डोळ्यांत थेंब घालू द्या. मुलाच्या डोळ्याचे स्नायू आखडलेले असतात, त्यामुळे थेंबांशिवाय जादा मायनस नंबर निघू शकतो. थेंबांनंतर काही तास, कधी एखादा दिवस, जवळचे धूसर दिसते आणि मग आपोआप ठीक होते.

चष्म्याविषयीचे गैरसमज

चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. तो वाढतो नेत्रगोलाच्या वाढीमुळे. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्यानेही फायदा होत नाही. मलेशियातील एका अभ्यासात अशा मुलांचा नंबर उलट जास्त वेगाने वाढला. गाजर, पालेभाज्या तब्येतीला चांगल्या, पण त्यांनी नंबर उतरत नाही. आणि मुलीला चष्मा लागला तर लग्न अडेल, या भीतीपोटी तिला वर्षानुवर्षे धूसर जगात ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

अंगणातला उजेड

वर्गात साधारण तीनशे ते पाचशे लक्स उजेड असतो. बाहेर उन्हात तो दहा हजारांच्या पुढे जातो, झाडाच्या सावलीतही वर्गापेक्षा कितीतरी जास्त असतो. हा उजेड नेत्रगोलाची जादा वाढ रोखतो, असे संशोधक मानतात. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटे जादा बाहेर नेले. तीन वर्षांनी त्यांच्यातील 30.4 टक्के मुलांना नंबर लागला होता, तर इतर मुलांत हे प्रमाण 39.5 टक्के होते.

मुलांनी रोज दोन तास बाहेर असावे. जालन्याच्या उन्हाळ्यात भर दुपारी नको, सकाळी आणि उतरत्या उन्हात खेळू द्या. दुपारी कडुनिंबाखाली गोट्या खेळल्या तरी उपयोग होतो. सूर्याकडे थेट मात्र पाहायचे नाही. पुस्तक किंवा मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब हवा आणि दर वीस मिनिटांनी नजर लांब न्यायला हवी. पाच वर्षांखालील मुलांना मोबाइल-टीव्ही मिळून तासाभरापेक्षा जास्त नको.

नंबरची वाढ रोखता येते का?

पूर्ण थांबवता येत नाही, पण वेग कमी करता येतो. त्यासाठी ॲट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब रात्री घालतात. खास रचनेच्या काचा आणि कॉन्टॅक्ट लेन्सही मिळतात. त्या महाग असतात आणि प्रत्येक मुलाला लागतातच असे नाही. निर्णय नेत्रतज्ज्ञांनीच घ्यायचा. थेंब दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत.

नंबर लागलेल्या मुलाची तपासणी दर सहा महिन्यांनी करा आणि जुना कागद जपून ठेवा. नंबर किती वेगाने वाढतो, हे त्यावरूनच डॉक्टरांना कळते. जूनमध्ये वह्या-दप्तराची यादी कराल, तेव्हा सर्वांत वर डोळ्यांची तपासणी लिहा.