शिट्टी, गाडी आणि पाठलाग

श्रीगोंदे तालुक्यातल्या काष्टीचा शनिवारचा बाजार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बैल, गाई, शेळ्या, त्यांचे मालक, दलाल, चहाच्या टपऱ्या आणि टेंपो! दौंड-अहिल्यानगर रस्त्याला त्या दिवशी जत्रेची कळा येते. गळीत हंगाम असला की त्यात उसाच्या ट्रेलरांची भर पडते. समजा, अशा रस्त्याच्या कडेला एक पोलीस उभा आहे. मोटारसायकलवरून दोन पोरे येतात, पोलीस हात वर करतो, शिट्टी फुंकतो. पुढचा पोरगा क्षणभर वेग कमी करतो, मागे पाहतो आणि एकदम मूठ पिळतो. गाडी निमगाव खलूच्या दिशेने सुसाट सुटते.

आता पोलिसाने काय करावे? आपली गाडी काढून मागे लागावे, की उभ्या जागी उभे राहावे? पुष्कळजण म्हणतील, "पळाला म्हणजे चोरच, धरलाच पाहिजे." सिनेमानेही आपल्याला हेच शिकविले आहे. पण प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

आधी हा पोरगा पळतो कशाला ते पाहू. माझा विषय मानसशास्त्र, म्हणून मला याचे कुतूहल. काही वर्षांपूर्वी माझ्या अकरावीच्या वर्गातला एक विद्यार्थी असाच पळाला होता. वय सतरा, लायसन्स नाही, गाडी चुलत्याची. पुढे मी त्याला विचारले, "अरे, दंड किती झाला असता?" तो म्हणाला, "सर, दंडाचं माझ्या ध्यानातच नव्हतं. पोलीस घरी फोन लावतील आणि वडील बाजारात सगळ्यांदेखत मारतील, एवढंच मनात आलं." म्हणजे कायद्याला भिऊन तो पळाला नाही, बापाला भिऊन पळाला! शिक्षकबंधूंनी आणि पालकांनी हे वाक्य जरा मनात ठेवावे.

भीती वाटली की शरीर आपला कारभार आपणच हाती घेते. मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन नावाचा द्रव रक्तात उतरतो. छाती धडधडते, स्नायूंकडे रक्त धावते, माणूस झुंजायला किंवा पळायला तयार होतो. रानात वाघ समोर आला तर हे उपकारक. पण याच वेळी नजर आखडते. समोरचे तेवढे दिसते, बाजूचे दिसत नाही. हॉर्न वाजला तरी कानात शिरत नाही. विचार करणारे मन मागे पडते. त्या विद्यार्थ्याला आपण कोणत्या वळणावरून गेलो हेही नीट आठवत नव्हते. आठवत होते ते एकच: अंधारात अचानक समोर आलेली उसाच्या ट्रेलरची मागची बाजू. दिवा नाही, लाल पट्टी नाही. तो वाचला तो हातभर अंतराने.

आणि बरं का, पोलीस हाही माणूसच. या ग्रंथी त्यालाही आहेत. मागे लागला की त्याचीही नजर आखडते, "माझा हात डावलून गेला" हा राग डोक्यात चढतो. मग पळणारा पळतो म्हणून हा वेग वाढवितो, आणि हा वेग वाढवितो म्हणून पळणारा अधिक पळतो. कुत्रे मागे लागले की शेळी अधिकच उधळते, तसाच हा प्रकार.

आता वेगाचा हिशेब. हा माझा प्रांत नव्हे, म्हणून पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याकडून तपासून घेतला आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर काही दिसले, मेंदूला कळले, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद सहज जातो. नंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर, गाडी थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ३७ मीटर. आता वेग दुप्पट करा, ताशी १२०. विचाराच्या सेकंदात ३३ मीटर जातात. आणि ब्रेकचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते, ८० मीटर. एकूण ११३ मीटर! खाली घातलेल्या दिव्याचा उजेड चाळीस-पन्नास मीटरच पडतो. तेव्हा दिव्यात ट्रेलर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शिक्षकांना एक सुचवितो. शाळेच्या मैदानात किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या वाटेवर दोरीने ३७ मीटर आणि ११३ मीटर मोजून दोन खुणा करा आणि मुलांना एकीपासून दुसरीपर्यंत चालायला लावा. फळ्यावरच्या आकड्यापेक्षा ते पायांना लवकर कळते.

परदेशात या पाठलागांनी पुष्कळ बळी घेतले आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो भागात १९९० साली पोलिसांचा हात डावलून एक मोटारसायकल पळाली. सव्वा मिनिटाचा पाठलाग, ताशी १०० मैलांपर्यंत वेग. शेवटी मोटारसायकल आडवी झाली आणि मागे बसलेला सोळा वर्षांचा मुलगा पोलीसगाडीची धडक बसून मेला. गाडी तो चालवीत नव्हता, हे ध्यानात घ्या. खटला त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९८ साली न्यायालयाने सांगितले की, इजा करण्याचाच हेतू असल्याखेरीज अशा पाठलागात पोलिसाने घटनेचा भंग केला असे ठरत नाही. कायद्याने पोलीस सुटला. तरीही तिकडच्या कित्येक शहरांच्या पोलिसांनी स्वतःहून नियम केले की किरकोळ गुन्ह्यासाठी पाठलाग करू नये. मला त्यांचा हा शहाणपणा निकालापेक्षा मोठा वाटतो.

मग पाठलाग कधीच करू नये का? तसेही नाही. २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी पुण्यात स्वारगेट आगारातून एका चालकाने एस.टी.ची बस पळविली आणि रस्त्यावरच्या माणसांना चिरडीत सुटला. नऊजण मेले, कितीतरी जखमी झाले. तिथे पोलिसांनी मागे लागणे भागच होते, कारण बस मोकळी सोडणे हाच मोठा धोका होता. पळणाऱ्याला सोडले तर अधिक माणसे मरतील, की मागे लागलो तर? तराजूत घालायचे ते हे.

आणि मागे न लागताही गाडी अडविता येते, याचे उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दोन अतिरेकी पळविलेल्या स्कोडा गाडीतून निघाले. त्या गाडीची खबर वायरलेसवरून पुढे गेली आणि गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग ठाण्याच्या पोलिसांनी नाकाबंदी लावली. कितीही वेगाने धावली तरी गाडीला रस्त्यानेच जावे लागते. वायरलेसला रस्ता लागत नाही. अडथळे पाहून गाडी अलीकडेच थांबली, वळून पळण्याच्या खटपटीत दुभाजकावर अडकली. एक अतिरेकी पोलिसांच्या गोळीने पडला. दुसऱ्याच्या बंदुकीची नळी सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाताने धरून ठेवली. अंगावर गोळ्या घेतल्या, पण नळी सोडली नाही, आणि तो अतिरेकी जिवंत सापडला. ओंबळे सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. नाकाबंदीवर उभ्या असलेल्या पोलिसाला येणाऱ्या गाडीत कोण आहे हे ठाऊक नसते. न थांबणाऱ्या पोराकडे तो संशयाने का पाहतो, हे यावरून कळावे.

आता कायद्याचे थोडक्यात. गणवेशातील पोलिसाने मागितले की लायसन्स दाखविणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे बंधनकारक आहे. मोबाईलमधल्या डिजिलॉकरमधले लायसन्सही चालते. लायसन्स नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे ५,००० रुपये दंड. चालविणारा अठरा वर्षांखालचा असेल तर कलम १९९ अ लागते: पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. पळताना कोणी मेले तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय विमा कंपनीने मृताच्या वारसांना भरपाई दिली, तरी लायसन्स नसल्यास ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करता येते. म्हणजे पोराने मूठ पिळली आणि चुलत्याचा एकर गेला, असेही घडायचे.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या मागे कोणी लागले नव्हते. पोलिसाने फक्त पाटीवरचा नंबर टिपून घेतला. दोन दिवसांनी चुलत्याच्या दारात निरोप आला. चुलता, बाप आणि पोरगा तिघे चौकीत गेले. बापाने तिथेच हात उगारला, तेव्हा त्याच पोलिसाने तो धरला आणि म्हणाला, "मारू नका, दादा. हा मारालाच भिऊन पळाला होता." मग पोराकडे वळून त्याने विचारले, "मी मागं गाडी घातली असती तर तू कुठवर पळाला असतास?" पोराने बराच वेळ खाली पाहिले आणि म्हणाला, "त्या ट्रेलरपर्यंत."