समुद्रातला डोंगर, किल्ली दिल्लीत

दिल्लीला समुद्र नाही. पापलेट आहे, आयएनए मार्केटमध्ये; भाव न विचारलेलाच बरा. पण अरबी समुद्रात बुडालेल्या एका आख्ख्या डोंगराचं भवितव्य मात्र याच शहरातल्या फायलींवर ठरतं.

तो डोंगर म्हणजे आंग्रिया बँक. विजयदुर्गापासून साधारण 105 किलोमीटर आत. लांबी सुमारे 40 किलोमीटर, माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आणि कडे थेट काळोखात उतरणारे. नाव सरखेल कान्होजी आंग्र्यांचं. इंग्रज त्यांना चाचा म्हणत राहिले आणि नाव मात्र इंग्रजांच्याच नकाशांवर कायमचं चिकटलं!

कोकणातल्या खाड्यांचा गाळ इतक्या लांब पोचत नाही. पाणी नितळ, ऊन खोलवर उतरतं, म्हणून माथ्यावर प्रवाळ फोफावतं. प्रवाळ हा प्राणी, पण पोटभाडेकरू म्हणून सूक्ष्म शैवाल ठेवतो. भाडेकरू उन्हावर अन्न शिजवतो, मालक जेवतो. पाणी फार तापलं की मालक त्याला हाकलतो, पांढराफटक पडतो आणि पुष्कळदा उपाशी मरतो.

शेजारीही एकेक नग. हेकरू माशाच्या बऱ्याच जाती जन्मतात माद्या म्हणून आणि मोठेपणी नर होतात. पोपटमासा प्रवाळ कराकरा चावतो आणि मागून पांढरी वाळू सोडतो. त्याचे काही भाऊबंद रात्री स्वतःभोवती चिकट पिशवी विणून झोपतात. मच्छरदाणीच ती!

आता दिल्ली. वन्यजीव कायद्यानं अभयारण्य करता येतं ते किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे जेमतेम 22 किलोमीटर. मालवणचं सागरी अभयारण्य (1987, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर) त्यात आरामात बसतं. आंग्रिया कितीतरी पुढे. तिथे लागतो 1976 चा सागरी क्षेत्र कायदा आणि त्याखाली एखादा भाग राखीव ठरवण्याचा अधिकार केंद्राचा. मुंबईनं कितीही ठराव केले तरी शिक्का दिल्लीचाच. समुद्राचा वासही न येणाऱ्या शहरात, गंमतच आहे.

जाता जाता: मंगळासाठी बोटात घालायचं लाल पोवळं दरिबा कलाँच्या सराफ्यात खुशाल बघा. अस्सल लाल पोवळं बहुतेक भूमध्य समुद्रातलं. त्याचं कुळ वेगळं. पण भिंती बांधणारं आपलं प्रवाळ 2001 पासून कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. दिवाणखान्यात ठेवायला त्याची फांदी कुणी विकत असेल, तर तो गुन्हा वाघनख विकण्याच्याच पंगतीतला.