चिरंजीव

जुन्या मराठी पत्रव्यवहारात वडीलधाऱ्या माणसाने धाकट्याला पत्र लिहावयाचे तर मायन्यात नावाआधी ‘चि.’ हे अक्षर पडल्यावाचून लेखणी पुढे सरकत नसे. त्या अक्षराचा विस्तार ‘चिरंजीव’, म्हणजे चिरकाल जगणारा. आणि परगावी शिकावयास राहिलेल्या मुलाला खानावळीच्या खर्चाचा तपशील विचारणारा, प्रसंगी खरमरीत शब्दांत त्याची कानउघाडणी करणारा बापही पत्राच्या पहिल्या ओळीत त्याच्यासाठी न चुकता अमरत्व मागून घेत असे. हा शब्द आपल्याकडे इतका मुरला की ‘चिरंजीव’ म्हणजे मुलगा, असाच त्याचा अर्थ झाला. अमरत्वाची आकांक्षा मरणभयातून उपजते, असे बहुधा सांगितले जाते. परंतु महाकाव्ये आणि पुराणे वाचताना मला सतत असे वाटत आले आहे की, तिचे मूळ स्वतःच्या मरणात नसून आपल्या माणसाच्या मरणात आहे, आणि आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखलेले आहे.

मानवजातीच्या अतिप्राचीन महाकाव्यांपैकी एक असलेल्या गिल्गमेशच्या कथेचाच दाखला घ्यावा. आजच्या इराकातील निनवे येथे असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहात सापडलेल्या मातीच्या फलकांवर ती कोरलेली आहे. त्यांतील जलप्रलयाचा भाग १८७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ या, मूळच्या नोटांचे ठसे कोरणाऱ्या कारागिराने वाचून काढला आणि विद्वज्जगतात खळबळ उडाली. उरुकचा राजा गिल्गमेश बलाढ्य आणि उन्मत्त. त्याला मृत्यूची फिकीर कधीच नव्हती. त्याचा जिवलग मित्र एन्किदू मरण पावतो, तेव्हा सहा दिवस आणि सात रात्री तो ते प्रेत पुरू देत नाही. आपल्या आक्रोशाने मित्र उठेल, अशी त्याला आशा असते. अखेर प्रेताच्या नाकातून किडा गळून पडतो, आणि मगच त्याचे हात सुटतात. चार हजार वर्षांच्या आसपास वय असलेल्या या कथापरंपरेतील तो किडा मला कोणत्याही तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाहून अधिक खरा वाटतो. कारण प्रेताजवळ बसलेल्या माणसाने काय पाहिले, ते सांगताना त्या कवीने काहीही सौम्य केलेले नाही.

येथून पुढे शोकाचे भय होते. मित्रासारखेच आपणही पडून राहणार, या विचाराने राजा रानोमाळ भटकतो, मृत्यूच्या जलाशयापलीकडे जातो, आणि प्रलयातून वाचून अमर झालेल्या उतनपिश्तीमला गाठतो. तो वृद्ध त्याला सांगतो की, मरणाला जिंकावयाचे तर आधी सहा दिवस आणि सात रात्री जागून दाखव. गिल्गमेश बसताक्षणी झोपतो. उठल्यावर त्याने नाकबूल जाऊ नये म्हणून वृद्धाची पत्नी दररोज एक भाकर भाजून त्याच्या उशाशी ठेवीत असते. जाग येते तेव्हा पहिली वाळून कडक झालेली असते आणि शेवटची अजून निखाऱ्यावर असते. मित्राच्या प्रेताजवळ जो तितक्याच रात्री बसून होता, त्याला स्वतःच्या अमरत्वासाठी एक रात्रही जागता आले नाही, ही संख्यांची जुळणी मला योगायोगाची वाटत नाही. पुढे समुद्रतळाची तारुण्यदायी वनस्पती त्याच्या हाती लागते. ती तो तिथेच खात नाही, गावी नेऊन आधी एका म्हाताऱ्याला देण्याचा बेत करतो, आणि वाटेत तो स्नानाला उतरला असता साप ती पळवतो व कात टाकून निघून जातो.

महाभारतात हीच गोष्ट निरनिराळ्या अंगांनी येते. आदिपर्वातील रुरू, वाग्दत्त वधू प्रमद्वरा सर्पदंशाने मरण पावली असता, आपले अर्धे आयुष्य तिला तोडून देतो. त्याला अमर व्हावयाचे नाही, दोघांना पुरेल एवढेच त्याला हवे आहे. सावित्री यमाकडून पतीसाठी चारशे वर्षांची मुदत मिळवते. मात्र ययातीची मागणी उलट्या दिशेने जाते. शुक्राचार्यांच्या शापाने जराग्रस्त झालेला हा राजा आपल्या पाच पुत्रांपुढे हात पसरतो; चौघे नकार देतात, धाकटा पुरू आपले तारुण्य त्याच्या हवाली करतो, आणि सहस्र वर्षे भोगूनही राजाची तृप्ती होत नाही. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली या कथेवर कादंबरी लिहिली आणि पुढे तिला ज्ञानपीठ पुरस्कारही लाभला. परंतु मूळ कथेतच जे विपरीत आहे ते असे की, जगातले आईबाप मुलासाठी आयुष्य मागतात आणि या बापाने ते मुलाकडून मागितले.

आणि अश्वत्थामा! द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले ते पुत्र मेल्याच्या वार्तेने. पुत्रावाचून जगणे त्यांना नको झाले. ज्याच्या मरणाच्या खोट्या बातमीने बापाने प्राण टाकला, त्या पुत्राने निद्रिस्त शिबिरात शिरून द्रौपदीच्या पाचही मुलांना मारले, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले, आणि दुसऱ्यांचे चिरंजीव संपवणाऱ्या त्या माणसाला चिरजीवनाची शिक्षा झाली. सौप्तिकपर्वात त्या शापाची मुदत तीन सहस्र वर्षे आहे. लोकांनी ती अमर्याद करून टाकली. भाळावरील मणी गेल्याने वाहणाऱ्या जखमेसाठी तो तेल मागत फिरतो, असे आपल्याकडे सांगतात, आणि नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील अस्तंबा शिखरावर आदिवासी बांधव दरवर्षी दिवाळीच्या सुमारास त्याच्या यात्रेला चढून जातात. त्याला आयुष्य आहे; त्याच्यासाठी ते मागणारे कोणी उरलेले नाही.

या सर्व कथांत मराठी मनाने रचलेली चांगदेवाची कथा मला सर्वांत सूक्ष्म वाटते. योगबळाने मृत्यूला चुकवीत चौदाशे वर्षे जगलेला हा सिद्ध आळंदीच्या ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून पत्र लिहावयास बसला, आणि मायन्यातच अडला. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने तो थोर. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर तो पोरवयाचा. अखेर त्याने कोरा कागद पाठवला. इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्याची आख्यायिका आहे. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या. मृत्यूला हुलकावणी देणाऱ्याला ‘चिरंजीव’ हा शब्द लिहिता आला नाही, कारण तो दुसऱ्याला द्यावयाचा शब्द आहे, आणि चौदाशे वर्षे त्याने आयुष्य केवळ स्वतःसाठी राखले होते, असा त्या कोऱ्या कागदाचा अर्थ मी करतो.

ज्ञानदेवांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे इ. स. १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली, तेव्हा परंपरेप्रमाणे त्यांचे वय अवघे एकवीस होते. नामदेवांच्या नावे असलेल्या समाधीच्या अभंगांत निवृत्तिनाथांचा शोक आवरत नाही. आत्म्याचे अविनाशित्व ज्यांनी धाकट्या भावाला शिकवले, तेच गुरू शिळा लोटून परतताना कोलमडतात; आणि वारकऱ्यांनी त्या समाधीला ‘संजीवन’ म्हटले ते, माझ्या समजुतीने, या अश्रूंच्या बाजूने उभे राहून म्हटले.

आपल्याकडे वाढदिवसाच्या विधीत मार्कंडेयाचे आणि सात चिरंजीवांचे स्मरण करून तीळ व गूळ घातलेले दूध पिण्याचा प्रघात आहे. त्या सातांत अश्वत्थामाही आहे. मुलाला त्याची हकीकत ठाऊक नसते. पाट मांडणाऱ्या आईला ती ठाऊक असते, आणि तरीही ती ते नाव घेऊ देते, कारण मुलाच्या आयुष्याची मागणी करताना ती कोणालाही वगळण्यास तयार नसते.

वाचकहो, घरातील जुन्या पेटीत वडिलांची वा आजोबांची पत्रे अजून असतील, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. तुमच्या नावाआधी ते अक्षर आहे. ते लिहिणारा हात आता नाही.